साडेसात साखळ्यांवरचा म्हसोबा

माणूस लिहायला शिकला त्याच्या कितीतरी आधीपासून तो नकाशे काढत असणार, असं माझं ठाम मत आहे. मी काही विद्वान नाही. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. उन्हातान्हात लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजायच्या, त्यांचे नकाशे काढायचे आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. आता निवृत्त होऊन चिंचवडला सोसायटीत राहतो आणि नकाशांच्या जन्मकथेवर कुणी विचारलं नाही तरी बोलतो. पाहुण्यांसमोर मी घसा खाकरला की बायको म्हणते, "झाली यांची मोजणी सुरू," आणि चहा टाकायला उठते.

पण तुम्हीच विचार करा ना! डोंगरापलीकडे पाणी आहे हे ज्या माणसाला पहिल्यांदा दुसऱ्याला सांगायचं होतं, त्यानं काय केलं असेल? काडी उचलली असेल आणि मातीत रेघ ओढली असेल. हा डोंगर, ही खिंड, इथे पाणी. झाला नकाशा! वाऱ्यानं पुसला गेला म्हणून संग्रहालयात नाही, एवढंच. पुढे इराकच्या बाजूला लोकांनी ओल्या मातीच्या विटांवर शेतं कोरून त्या भाजून ठेवल्या. तिकडे इजिप्तमध्ये दरसालच्या पुरात बांध वाहून जायचे आणि पूर ओसरला की दोर ताणणारे लोक येऊन शेतं पुन्हा आखून द्यायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसात टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या कारकुनाचा चहा सांडला. अहो, हे तर आमचंच खातं! दोराच्या जागी साखळी आली, भांडणारे मात्र तेच राहिले.

आपल्याकडचीही गोष्ट काही कमी नाही. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी घेऊन जमिनी मोजायचे. दोन गावांत शिवेवरून तंटा पेटला, की एखाद्या जाणत्या माणसाच्या डोक्यावर माती ठेवून त्याला शिवेवरून चालायला लावायचे. तो जिथून चालेल ती शीव. खोटं चालला तर निर्वंश होतो, अशी भीती असायची. मला ही रीत फार आवडते. कागद नाही, यंत्र नाही, चालणारा माणूस हाच नकाशा.

मग इंग्रज साखळी घेऊन आले. तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचे सोळा भाग आणि प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. रुपयाचे सोळा आणे होते ना, तसेच साखळीचे सोळा आणे. म्हणजे 'सात साखळ्या आठ आणे' असं लिहिलं असेल तर ते अंतर साडेसात साखळ्या. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे आपला गुंठा. आज चिखलीत गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर तीन मजले चढवणाऱ्यांना ठाऊक नसतं, की त्यांच्या घराचं माप कुणाच्या तरी साखळीच्या लांबीवर ठरलेलं आहे. हे मोजणारे लोक जागेवरच एक कच्ची आकृती काढून तिच्यावर आकडे टाकायचे. त्याला टिपण म्हणतात. नंतरचे सगळे नकाशे या टिपणातून जन्मले. पिवळा कागद, बोरूची अक्षरं, कुठे विहिरीचा गोल, कुठे दगडाची खूण. अभिलेखाच्या खोलीत मी अशी टिपणं उघडून उभ्या उभ्या कित्येक दुपारी घालवल्या आहेत. साहेबांना वाटायचं मी काम करतोय.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. माण गावात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती नुकत्या उगवायला लागल्या होत्या, तेव्हा एका आबांच्या शेताची मोजणी होती. आबा बांधावर उकिडवे बसून माझ्या साखळीकडे असे बघत होते, की जणू ती मी त्यांच्याच घरातून चोरली होती.

"सायेब, ही तुमची साखळी ऱ्हाऊ द्या बाजूला," ते म्हणाले, "मी चालून दावतो."

वहाणा काढल्या आणि टाचेला अंगठा लावत निघाले. मोजणी तोंडानं मोठमोठ्यानं चालू. मी मनात म्हटलं, चला, आज करमणूक झाली. नंतर साखळी ओढली तर फरक निघाला एक वीत! मी हरखून गेलो आणि आबा रागावले. "ती वीत तुमच्या साखळीची चूक हाय," म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. साखळी वापरून वापरून लांबते आणि ती प्रमाण मापाशी ताडून घ्यावी लागते. माझी महिनाभर ताडलेली नव्हती. त्या दिवसापासून मी एक रीत पाडली. साखळीचं एक टोक तक्रारदाराच्या हातात द्यायचं आणि दुसरं त्याच्या विरोधकाच्या. स्वतः ताणलेल्या साखळीवर माणूस अविश्वास दाखवू शकत नाही. वरिष्ठ म्हणायचे, हे नियमात नाही. मी म्हणायचो, भांडण तरी कुठे नियमात आहे?

तर आता मुख्य गोष्ट. निवृत्त झाल्यावर एका सकाळी सायली मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची मोजणीदार. नोकरीला लागली तेव्हा टिपण वाचायला मीच शिकवलं होतं. आता ती रोव्हर घेऊन फिरते. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं यंत्र. ते उपग्रहाशी बोलतं आणि तुम्ही नकाशावर कुठे उभे आहात ते बोटाच्या पेरापर्यंत सांगतं. आमच्या चार दिवसांचं काम ते चहा होईपर्यंत उरकतं. मला त्याचा हेवा वाटतो, हे कबूल करून टाकतो.

"सर, चाकणच्या अलीकडे एक मोजणी आहे. तुम्ही आलात तर बरं होईल," ती म्हणाली. आवाजात काहीतरी अडखळत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. मोजणीचं नाव काढलं की मला दुसरं काही ऐकू येत नाही. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी भंगारात निघालेली एक साखळी भेट दिली होती. ती पिशवीत घातली. बायको म्हणाली, "तलवार घेऊन निघालात की काय?"

जागेवर पोचलो तर एकीकडे मोकळा प्लॉट, दुसरीकडे पत्र्याचं एक लांबट घर. प्लॉट शेखरशेठचा, तिथे त्यांना कंपन्यांना भाड्यानं द्यायला शेड बांधायची होती. घर हिराबाईंचं. साठीच्या, नवरा वारलेला. दोन एकरांतले राहिलेले काही गुंठे आणि त्यावर चालणारी खाणावळ, एवढं त्यांचं जग. कंपन्यांतली शिफ्टवाली पोरं, कुणी लातूरकडची, कुणी परभणीकडची, त्यांच्याकडे जेवायची. आणि त्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात, शेगड्यांच्या पायाशी, चुन्याची पांढरी खूण पडलेली होती. रोव्हरनं दोन महिन्यांपूर्वी दाखवलेली हद्द तिथून जात होती. भिंतीच्या विटा येऊन पडल्या होत्या आणि परवापासून काम सुरू होणार होतं.

"सायेब, माज्या शेगडीखालनं शीव जातीया म्हनं," हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सासरा हितं ऱ्हायला, सासू हितं ऱ्हायली. येवढ्या वर्सांत कुनाला म्हाईत न्हवतं. ह्या डब्यांवर घर चालतंय माजं. शेगडी गेली म्हंजी मी गेले."

शेखरशेठ माणूस वाईट नव्हता. "काका, मी काय कुणाच्या घरावर नांगर फिरवायला आलोय का? कागद म्हणतो तिथं भिंत घालतोय राव. कागद बदला, मी भिंत बदलतो," ते म्हणाले. बोलणं बिनतोड होतं.

मी सायलीकडून कागद मागितले. एक होता संगणकावरचा नकाशा, ज्यावर रोव्हर चालला होता. दुसरी मूळ टिपणाची प्रत. गाडीच्या बॉनेटवर दोन्ही पसरले. टिपणावर प्लॉटच्या पलीकडच्या टोकाची जुनी विहीर होती आणि विहिरीच्या कोपऱ्यापासून हद्दीच्या दगडापर्यंत सुबक अक्षरांत सात, मध्ये आडवी रेघ आणि आठ. सात साखळ्या आठ आणे. मग संगणकाच्या नकाशाला जोडलेला मापांचा तक्ता पाहिला. तिथे होतं सात दशांश आठ.

सापडलं! साडेसात साखळ्या म्हणजे दोनशे साडेसत्तेचाळीस फूट. सात दशांश आठ म्हणजे त्याहून दहा फूट जास्त. आणे हे सोळांतले असतात, दहांतले नव्हेत, हे टाइप करणाऱ्याला त्या एका ठिकाणी सुचलं नव्हतं, आणि शेखरशेठच्या प्लॉटचं घराकडचं टोक दहा फूट फुगून थेट हिराबाईंच्या शेगडीखाली शिरलं होतं. एवढा फरक मोठ्या क्षेत्रात खपून जातो, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. "मॅडम, बघा! दशांश! दशांश केलंय!" मी अक्षरशः ओरडलो. पुढे काही बोलणार, तेवढ्यात तक्त्याच्या तळाशी नजर गेली. 'तपासले' असा शिक्का होता आणि त्याखाली सही. माझी.

सांगतो कसं झालं ते. जुनी टिपणं संगणकात घालायचं काम निघालं तेव्हा बाहेरून आणलेली मुलं आकडे टाइप करायची आणि मी प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून सही करायची, असं ठरलं होतं. पहिले काही दिवस मी आकडा न् आकडा ताडला. मग गठ्ठे वाढले, वरून तगादा वाढला. मी पान उलटायचं, वर एक आकडा, खाली एक आकडा बघायचा आणि सही ठोकायची असं करायला लागलो. ज्या टिपणांवर मी इतका जीव टाकत होतो, त्यांच्याच बाबतीत हे केलं. साखळीतली एका वितीची चूक आबांनी मला बांधावर सुनावली होती, पण टेबलावर मला सुनावणारं कुणी नव्हतं.

सायली माझ्याकडे बघत होती. तिनं ती सही फोन करण्याआधीच पाहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

"संगणकात चूक झालेली दिसते," मी म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो.

"तुम्ही म्हणताय ते असेल," शेखरशेठ म्हणाले, "पण जुन्या कागदावरच्या एका रेघेवर मी दहा फूट सोडू? जागेवर काहीतरी दाखवा ना."

जागेवर दाखवायचं म्हणजे दगड दाखवायचा. टिपणात त्या जागी दगडाची खूण होती आणि बाजूला 'फुली' असं लिहिलं होतं, म्हणजे दगडाच्या माथ्यावर छिन्नीनं फुली कोरलेली. पण या पट्ट्यात असे दगड उरलेत कुठे? काही नांगरटीत चालत गेले. आमच्याकडचे हद्दीचे दगड दरसाल वीतभर चालतात, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. उरलेले रस्त्यांच्या आणि शेडच्या कामांत जेसीबीनं खाल्ले. तरी मी पिशवीतून साखळी काढली. विहीर अजून होती, कठडा ढासळलेला, पण कोपरा शाबूत. घरून निघण्याआधी साखळी टेपशी ताडून घेतली होती. आबांची कृपा.

"शेठ, हे टोक तुम्ही धरा. बाई, हे तुम्ही."

"मी?" शेखरशेठ हसले. पण धरलं. सायलीनं रोव्हरवरून दिशा दिली आणि दोघं प्लॉटमधून चालायला लागले, पुढे हिराबाई, मागे शेठ. साखळी ताणली की जमिनीत खुंटी, मग पुढची साखळी. हिराबाई मोठ्यानं मोजत होत्या. "येक! दोन!" जेवायला आलेली चार-पाच पोरं ताटं हातात घेऊन दारात उभी राहिली. पाचव्या साखळीला त्यांनीही सूर लावला, "पाऽच!" शेठच्या विटा उतरवणारे लोकही काम टाकून आले. सहाव्या साखळीला मीही त्यांच्या सुरात मोजत होतो. "सात!" आता उरले आठ आणे. साखळीवर प्रत्येक चार आण्यांना पितळी बिल्ला असतो. मी दुसरा बिल्ला चिमटीत धरला आणि स्वतः पुढे निघालो.

घराच्या मागच्या, प्लॉटकडच्या बाजूला पोचलो. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर एक कडुनिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी शेंदरानं माखलेला, गुडघ्याएवढा म्हसोबा. साखळी ताणली. बिल्ला म्हसोबाच्या डोक्यावर येऊन टेकला.

सायलीनं रोव्हर तिथे आणून उभा केला, आकडा पाहिला आणि मान डोलावली. विहिरीपासून साडेसात साखळ्या बरोबर.

"हिराबाई, हा म्हसोबा कधीपासूनचा?"

"मला काय ठावं? सासूनं दावला. तिला तिच्या सासूनं. दर अमुश्याला नारळ फोडतोय आमी."

मी काय विचार करत होतो ते सगळ्यांना कळत होतं, पण बोलायची हिंमत होत नव्हती. देव खरवडून बघू द्या, असं कसं म्हणणार? शेवटी म्हणालो, "बाई, याच्या माथ्यावर शेंदराखाली काही कोरलंय का, ते बघायला पाहिजे. तुम्ही नको म्हणालात तर नको."

हिराबाईंनी म्हसोबाकडे पाहिलं, मग विटांच्या ढिगाकडे. आत गेल्या आणि उलथनं घेऊन आल्या. हात जोडून म्हणाल्या, "माफ कर रं बाबा. तुज्याच घराचं काम हाय." आणि खरवडायला लागल्या.

किती थर होते म्हणून सांगू! भाकरीच्या पापुद्र्यासारखे एकेक निघत होते. वरचे केशरी, आतले विटकरी, अगदी तळाचे काळपट. मग दगड लागला. हिराबाईंनी पदरानं माथा पुसला. आणि फुली दिसली! दोन सरळ रेघा, आजही धारदार, कारण पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदरानं त्यांना ऊन लागू दिलं नव्हतं. आसपासचे सगळे दगड गेले होते. हा एवढाच राहिला होता, कारण कुणीतरी कधीतरी त्याला देव समजण्याची चूक केली होती, आणि देवाला हलवायची कुणाची छाती नव्हती. मी त्या फुलीवर बोट फिरवलं आणि मला रडू आलं. ज्यानं ती कोरली त्याची साखळी, त्याचं टिपण, त्याचं ऊन, सगळं त्या बोटाखाली होतं.

शेखरशेठनं चपला काढल्या, म्हसोबाला नमस्कार केला आणि आपल्या माणसाला म्हणाले, "विटा इकडनं हलवा. भिंत या दगडाच्या अलीकडं."

हिराबाई वळल्या आणि माझ्यापुढे हात जोडून वाकायला लागल्या. "सायेब, तुमच्यामुळं वाचले मी."

ते मात्र मला झेपलं नाही. "माझ्यामुळंच ही वेळ आली, बाई," मी म्हणालो. "तो चुकीचा आकडा तपासून सही करणारा माणूस मीच. मी तपासलं नव्हतं. नुसती सही केली होती."

त्यांचे जोडलेले हात सुटले. "म्हंजी दोन म्हैनं माज्या डोळ्याला डोळा न्हाई, ते तुमच्या सहीपायी?"

"हो."

त्या तशाच आत गेल्या. शेठ खाली बघायला लागले, पोरं ताटं घेऊन पांगली. मी बॉनेटवर कागद ठेवून झालेली चूक माझ्या हातानं लिहून काढली, खाली नाव घातलं आणि दुरुस्तीच्या प्रस्तावाला जोडण्यासाठी सायलीला दिलं. ती म्हणाली, "सर, मला वाटलं होतं तुम्ही स्वतः पाहिलेलं बरं." पोरगी चांगली शिकली आहे. मी साखळी गुंडाळायला घेतली. निघावं म्हणत होतो.

तेवढ्यात हिराबाई वाटीत शेंदूर आणि तेल कालवून घेऊन आल्या. म्हसोबापुढे बसल्या आणि दोन बोटांनी लेप द्यायला लागल्या. पोट, खांदे, मान, सगळं पुन्हा केशरी केलं. माथ्याशी आल्यावर थांबल्या. फुलीभोवती गोल फिरवून शेंदूर लावला, पण फुली तेवढी मोकळी ठेवली.

"आसू दे उघडी," त्या म्हणाल्या, "पुन्ना कुनी मोजाया आलं तर?" मग माझ्याकडे मान वळवली. आवाज अजून रागातच होता. "सायेब, या हिकडं. फुली दिसतीया का, बगा. नीट बगा."

मी गुडघे टेकले, चष्मा पुसला आणि पाहिलं. एक रेघ, मग दुसरी, मग चारही टोकं.

"दिसतेय," मी म्हणालो. "तपासलं."